पंचांग आणि ड्युटी लिस्ट

सकाळपाळी संपवून मीरा पिपरी मेघेला धाकट्या भावाच्या, देवेंद्रच्या घरी पोचली, तोवर त्याच्या मुलीच्या, वेदश्रीच्या लग्नाची तारीख जवळजवळ ठरून गेली होती. पाहुणे साडेअकरालाच आले होते. मीराला मात्र दवाखान्यातून निघतानाच अडीच वाजले. संध्याकाळपाळीच्या दोघींपैकी एकच आली होती आणि दुसरीचा फोन लागेना. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशीही असंच झालं होतं. ती पोचली तेव्हा पंगती उठल्या होत्या आणि वाढणारे जेवायला बसले होते. तो राग देवेंद्रच्या मनात अजून होताच. त्यानं दार उघडलं, ताईच्या अंगावरच्या गणवेशाच्या साडीकडे पाहिलं आणि बाजूला झाला.

आत कूलर जोरात सुरू होता. मार्च संपायचा होता, पण बाहेर ऊन मे महिन्याचं. नरहर गुरुजी, म्हणजे मीरा आणि देवेंद्रचे वडील, एक्क्याऐंशी वर्षांचे, मांडीवर पंचांग घेऊन बसले होते. साऱ्या वर्ध्यात त्यांचे विद्यार्थी, त्यामुळे मुहूर्त भटजींनी काढला तरी तपासून घ्यायचा अधिकार त्यांचाच. समोर नवऱ्या मुलाचे वडील प्रभाकरराव. देवळीकडची शेतकरी आसामी, बोलणं मोकळं आणि आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. त्यांच्याशेजारी नवरा मुलगा रत्नदीप, पुलगावच्या डेपोत कारकून. आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, आईच्या पाठीमागे स्टुलावर वेदश्री. रात्रपाळी करून सकाळी नऊला घरी आलेली, जेमतेम दोन तास झोपलेली. डोळे लाल, पण चेहऱ्यावर हसू.

वेदश्री मीराची भाची आणि तिच्याच वॉर्डातली सिस्टर. मेट्रन बाईंनी सहा महिन्यांपूर्वी तिला आत्याच्या हाताखाली दिलं तेव्हा मीरानं दोनदा सांगून पाहिलं होतं, की घरचं माणूस मला नको. कोणी ऐकलं नाही.

"या बाई, या," प्रभाकरराव उठून म्हणाले. "तुमच्यासाठीच थांबलो होतो. गुरुजींनी सव्वीस एप्रिल काढली. दुसरी हाय तीन मे. त्याच्यापुढं लागते अधिक महिना. आमचं म्हणणं, सव्वीसच बरी. रविवार हाय, पाहुण्यारावळ्याले बरं पडते."

मीरानं अजून पर्ससुद्धा खाली ठेवली नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे एप्रिलच्या ड्युटी लिस्टचा कागद उभा राहिला, आणि तोंडून निघून गेलं, "सव्वीसले नाई जमत."

देवेंद्रला आधी गंमत वाटली. "काऊन? तुह्या घरी काई कार्यक्रम हाय का?"

"माह्या वॉर्डात हाय."

नलू, देवेंद्रची बायको, सांबारवडीची ताटली घेऊन येत होती ती मध्येच थांबली. "ताई, वॉर्डाचं आज कायले काढता?"

"नलू, तुह्या पोरीले पाच दिवस सुट्टी पाह्यजे ना? ती सुट्टी कोण देते? मीच देते. अन् माह्याजवळ द्याले नाई." मीरा खुर्चीवर टेकली. तिनं पाहुण्यांकडे वळून समजावून सांगितलं, कारण त्यांना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. बायकांचा मेडिसिनचा वॉर्ड, बेचाळीस खाटा. कागदावर सिस्टर चौदा. प्रत्यक्षात नऊ, त्यांतल्या दोघी बाळंतपणाच्या रजेवर. उरल्या मीराला धरून सात. त्या सात जणींनी तीन पाळ्या चालवायच्या. आठवड्याची सुट्टी कोणालाच वेळेवर मिळत नाही, ती 'बाकी' म्हणून पुढे ढकलायची. उन्हाळा लागला की उलट्या-जुलाबाच्या बाया अॅम्ब्युलन्स भरभरून येतात.

"एकट्या दिपालीच्या एकवीस सुट्ट्या बाकी हायेत," ती म्हणाली. "डिसेंबरात तिच्या सख्ख्या भावाचं लग्न होतं यवतमाळले. तिनं तीन दिवस मागतले. मी नाई म्हटलं. मंगलाष्टकं तिनं लिननच्या खोलीत उभी राहून मोबाइलवर पाह्यली. चादरीच्या गठ्ठ्यावर मोबाइल टेकवला होता. तिथंच तिनं अक्षता टाकल्या, कोऱ्या चादरींवर. मंग त्या तांदळाचा एक एक दाणा वेचून पुन्हा वॉर्डात आली. त्या दिवशी मी साऱ्या जणींले शब्द देल्ला. आता आधी बाकीच्या सुट्ट्या फिटतीन, मंग नवी रजा. आता तिथं जाऊन मी काय सांगू? माह्या भाचीचं लग्न हाय म्हणून शब्द परत घेते?"

"सख्ख्या भाचीले सुट्टी देत नाई," देवेंद्र सगळ्यांकडे पाहत म्हणाला, जणू साक्षीदार गोळा करत होता. "दुसऱ्याच्या पोरीले देल्ली असती."

"दुसऱ्याच्याच पोरीले नाई म्हटलं होतं, देवा. तेच तं सांगून राह्यली."

प्रभाकररावांनी हात वर केला. "एवढी डोकेफोड कायले? नोकरी सोडून द्या ना बापा. पुलगावले काय दवाखाने नाईत? लग्न झाल्यावर पाहू निवांत."

"हेच म्हणतो मी!" देवेंद्रनं मांडीवर थाप मारली. घटकाभरापूर्वी तो याच व्याह्यांशी मांडवावरून वाद घालत होता, आता दोघं एका बाजूचे झाले. "उद्याच राजीनामा देऊन टाक, वेदू. पाह्यजेच नाई ती कटकट."

नलूनंही मान हलवली. आई म्हणून तिला वेगळीच काळजी होती. पोरीचे पाय सुजतात हे ती रोज बघत होती. "तीन वर्सं झाली, एकही दिवाळी घरी नाई. सोड बाप्पा."

मीरानं मनात हिशेब केला. सातातली एक गेली तर उरतात सहा. आणि ही तर अशी एक, की... पण ते तिला बोलता येईना. आत्या म्हणून बोलली असती तर सिस्टर बोलल्यासारखं वाटलं असतं, आणि सिस्टर म्हणून बोलली असती तर आत्याचं वजन टाकल्यासारखं.

इतका वेळ गप्प असलेला रत्नदीप म्हणाला, "बाबा, तिले तं विचारा."

सगळे स्टुलाकडे वळले.

"मले नाई सोडाची," वेदश्री म्हणाली.

"काऊन?" प्रभाकररावांनी खरोखरच्या उत्सुकतेनं विचारलं.

वेदश्री जरा लाजली. मग बोलू लागली तशी झोप तिच्या डोळ्यांतून उडत गेली. "मामंजी, म्हाताऱ्या बायांच्या अंगात पाणी कमी झालं की शीर सापडत नाई. बाकीच्या जणी चार-चार ठिकाणी टोचतात, तरी सलाइन लागत नाई. मले सापडते. कशी ते मलेही सांगता येत नाई. डोळे मिटून बोटानं चाचपते अन् सापडते. आता सर्जरीच्या वॉर्डातून बोलावणं येते, लहान मुलांच्या वॉर्डातून येते. परवा डॉक्टरांनीच फोन केला, की वेदश्री सिस्टरले पाठवा. हे नवीन दवाखान्यात कोणाले माहीत हाय? तिथं मी पुन्हा पह्यल्या दिवसापासून."

रत्नदीप छाती फुगवून बापाकडे बघत होता, जणू ती शीर त्यानंच शोधली होती. मीरानं खाली पाहिलं. ती जे बोलू शकत नव्हती ते पोरगी स्वतःच बोलली होती.

पण वेदश्रीचं संपलं नव्हतं.

"पण आत्या, सव्वीस तारखेले सुट्टी नाई याच्यात चूक तुहीच हाय."

"वेदू!" नलू ओरडली.

"बोलू दे तिले," गुरुजी म्हणाले.

"तुही लिस्ट पाह्यली की कोणालेही वाटते वॉर्ड भरलेला हाय. तारखेसमोर सात चौकटी. सकाळी तीन, संध्याकाळी दोन, रात्री दोन. महिनाभरात एकही कोरी नसते. माणूस नसला की तू दिपालीताईचं नाव त्याच दिवशी दुसऱ्यांदा लिहिते, माह्यं लिहिते, नाईतर स्वतःचं लिहिते. सहीले वर जाते ती भरलेली लिस्ट. मेट्रन बाई सही करतात, प्रशासक साहेब पाह्यतात, अन् म्हणतात, बढिया, सारं जमून राह्यलं. मंग ते नवीन माणसं कायले भरतीन?"

गेली एकोणीस वर्षं मीरा वॉर्डाची प्रमुख होती. एकोणीस वर्षांत तिच्या यादीत एक चौकट कोरी राहिली नव्हती. मेट्रन बाई इतर वॉर्डांच्या सिस्टरना तिची यादी नमुना म्हणून दाखवत. संक्रांत असो, निवडणूक असो, साथ असो, मीरा जमवते. तेच तिचं नाव होतं.

"मंग काय वॉर्ड रिकामा ठेवू?" ती म्हणाली. "बेचाळीस बायांनी कोणाकडे पाहाचं?"

"रिकामा ठेवू नको आत्या. हाय तेवढा रिकामा दाखव."

प्रभाकरराव खो-खो हसले. "पोरगी तं वकील निघाली! रत्न्या, सांभाळून राहाजो."

कोणी त्यांच्याबरोबर हसलं नाही. गुरुजींनी पंचांग मिटून बाजूला ठेवलं होतं. "मीरा," ते म्हणाले, "मी मुख्याध्यापक असताना शाळेत गणिताचा शिक्षक नव्हता. तुला आठवत असेल, मी घरी यायचो तोच अंधार पडल्यावर. दोन वर्षं नववी-दहावीचं गणित मीच शिकवलं. मुलांचं नुकसान व्हायला नको, असं मनात. तपासणीला साहेब आले. सगळे तास चालू, निकाल उत्तम. माझी पाठ थोपटली आणि शेरा लिहून गेले, की गणित शिक्षकाची आवश्यकता दिसत नाही. ती जागा रद्द झाली. माझ्यानंतरच्या माणसाला कधीच मिळाली नाही."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाही, बाबा."

"सांगण्यासारखं काय होतं त्यात? पाठ थोपटलेलीच सांगत आलो."

मीराला वाटलं, आता देवेंद्र तरी काही बरं बोलेल. धाकटा भाऊ तिचा. त्याला कडेवर घेऊन ती शाळेत जायची. पण देवेंद्र घुश्श्यातच होता. "तुमच्या लिस्टीचं मले काई माहीत नाई," तो म्हणाला. "सव्वीसचा हॉल मी मघाच फोनवर बोलून ठेवला हाय. पोरीले सुट्टी भेटली तं ठीक, नाईतर राजीनामा. अन् ताई, तुले जमत नसन, तं लग्नाले नाई आली तरी चालते."

त्यावर प्रभाकररावांचंही हसू मावळलं. मोठ्या बहिणीला असं कोणी बोलत नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी टोपी सारखी केली आणि उठता उठता म्हणाले, "आठ दिवस काई बिघडत नाई. पुढच्या रविवारी सांगा. पोरीची नोकरी सोडाची गोष्ट मी केली, ते मागं घेतो. शीर सापडणारं माणूस घरात असलेलं बरं."

*

एप्रिलची यादी गुरुवारी द्यायची होती. बुधवारी दुपारी, औषधं वाटून झाल्यावर, मीरा टेबलाशी बसली. पलीकडे दिपाली केसपेपर लावत होती. मीरानं नेहमीसारखा मोठा कागद आखला, तारखा टाकल्या, आणि मग नेहमीसारखं नाही केलं. नेहमी ती आधी पाळ्या भरायची आणि उरलं तर सुट्ट्या द्यायची. या वेळी तिनं लाल पेन घेतला आणि आधी प्रत्येकीच्या आठवड्याच्या सुट्ट्या लिहिल्या. मग बाकीतल्या सुट्ट्या, दिपालीला सलग पाच दिवस. मग निळ्या पेनानं पाळ्या. एका माणसाला एका दिवशी एकच पाळी.

तीन तारखेच्या संध्याकाळी नावं संपली. हात सवयीनं चौकटीत गेला आणि 'मी' एवढं अक्षर उमटलं.

"सिस्टर," दिपाली म्हणाली. ती केव्हा शेजारी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "तुमचं नाव तीन तारखेला सकाळी आहे की."

"आहे."

"मग हे?"

मीरानं ते अक्षर खोडलं. तिला हातातून काहीतरी निसटल्यासारखं वाटलं, घाटाच्या पायरीवरून तांब्या निसटावा तसं. पुढच्या आठवड्याच्या चौकटींपर्यंत मात्र हाताला सवय झाली. सव्वाचारला यादी पुरी झाली. एकोणपन्नास चौकटी कोऱ्या होत्या. खाली तिनं लिहिलं, 'वरील कोऱ्या चौकटींसाठी माझ्याकडे सिस्टर नाही', आणि सही केली. दिपालीनं पेन मागून घेतला आणि खाली स्वतःची सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सातही सह्या झाल्या. रात्रपाळीवाली तर झोपेतून उठून स्कूटीवर आली, सही केली आणि परत झोपायला गेली.

ढगे मॅडम, दवाखान्याच्या मेट्रन, यांनी चष्मा लावून कागद हातात घेतला. "मीरा, अर्धीच आणलीस?"

"पूर्ण आहे, मॅडम."

मॅडमनी खालचं वाक्य वाचलं, सह्या वाचल्या. बराच वेळ वाचल्या. "यावर मी सही केली तर मला साहेबांकडे जावं लागेल."

"म्हणूनच आणली."

ढगे मॅडमच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. तोंडी सांगून सांगून त्यांची जीभ झिजली होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि सही केली. "चल. तूही चल. मी एकटी जात नाही."

प्रशासक साहेब वाईट माणूस नव्हते. कामात बुडालेले होते, आणि कागद नीट असला की सगळं नीट आहे असं मानणारे होते. त्यांनी मीराला बसायला सांगितलं, हे विशेष. "सिस्टर, तुमच्या वॉर्डाची तर मी सगळीकडे तारीफ करतो. तुम्ही नेहमी जमवता."

"जमवत होते, साहेब."

"मग याही महिन्यात जमवा. पुढचं पाहू."

मीरानं पदराला हात पुसले. "जमवते ना. फक्त ज्या चौकटीत माणसाला त्या दिवशी दुसऱ्यांदा उभं राहायचं आहे, त्या चौकटीत नाव तुम्ही लिहा. तुमच्या हातानं. तेवढं केलं की मी घेऊन जाते." तिनं निळा पेन टोपण काढून त्यांच्यासमोर ठेवला.

साहेब हसले. पेन उचलला. तीन एप्रिल, संध्याकाळ. पेन चौकटीवर टेकला आणि तिथंच राहिला. साहेबांनी एकदा मीराकडे पाहिलं, एकदा ढगे मॅडमकडे. यादीत नावं समोर होती, पण मीरा सोडून त्या वॉर्डातल्या एकाही सिस्टरला ते ओळखत नव्हते.

"कोण कोण आहे तुमच्याकडे?" त्यांनी शेवटी हळूच विचारलं.

मीरानं सातही नावं सांगितली. नुसती नावं नाहीत. दिपालीनं भावाच्या लग्नाच्या अक्षता कशावर टाकल्या ते सांगितलं. वेदश्रीला शीर कशी सापडते ते सांगितलं. ती माझी भाची आहे आणि तिच्या लग्नाची रजा मी अडवली आहे, हेही सांगितलं. एक सिस्टर पाळी संपल्यावर वॉर्डाच्या बाथरूममध्ये उभ्या उभ्या कपडे बदलते, कारण दुसरी जागा नाही, हेही सांगून टाकलं. साहेब ऐकत राहिले. पेन त्यांनी टोपण लावून परत दिला.

"आपल्या नर्सिंग कॉलेजातून हिवाळी परीक्षेत पास झालेल्या मुली आहेत," ते म्हणाले. "त्यांना घ्यायची फाइल इथं पडून आहे. मी सही केली नाही, कारण कुठल्याच वॉर्डाची मागणी दिसत नव्हती. सगळ्यांच्या लिस्ट भरलेल्या." बोलता बोलता त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. ते थांबले. "मॅडम, बाकीच्या वॉर्डांच्या लिस्टही अशाच करून आणा. खऱ्या."

सगळंच मिळालं असं नाही. कपडे बदलायला खोली मागितली होती, त्याचं उत्तर 'बघू' असं आलं, आणि 'बघू' म्हणजे काय ते मीराला माहीत होतं. पण शनिवारी ढगे मॅडमच्या सहीचा कागद आला. सहा एप्रिलपासून वॉर्डाला पाच नव्या मुली, तोवर रिकाम्या पडलेल्या स्पेशल रूम्सकडच्या दोघी. आणि आठवड्याची सुट्टी रद्द करायची तर कारण लेखी द्यायचं, सही साहेबांची. दिपालीनं तो कागद वाचला, मग पुन्हा वाचला, आणि वॉर्डाच्या मधोमध, बेचाळीस बायांच्या देखत, मीराला मिठी मारली. खाटेवरच्या एका म्हातारीनं विचारलं, "का वो, कोणाचं लग्न ठरलं का?"

*

रविवारी मीरा अकरालाच पिपरी मेघेला गेली. अंगावर मोरपंखी साडी होती. दार नलूनं उघडलं, आणि काही विचारायच्या आत तिचे दोन्ही हात धरले. वेदश्रीनं घरी सगळं सांगितलं होतं, अर्धं मीठमसाला लावून.

"मी एका पोरीसाठी सुट्टी मागत होती," नलू म्हणाली. "तुमी तं सातही जणींसाठी आणली."

"अजून आणली कुठं? सव्वीस नाई जमत, नलू. आधी दिपाली, मंग बाकीच्या. वेदूची रजा तीस एप्रिलपासून. पण पाच दिवस नाई, आठ. लग्न तीन मेले लावा."

देवेंद्र कूलरमध्ये पाणी भरत होता. पाठ वळवूनच म्हणाला, "हॉल सव्वीसचा हाय."

"हॉलवाल्याले फोन लावा," नलू म्हणाली. आठ दिवसांपूर्वी राजीनाम्याला मान हलवणारी हीच नलू. "नाईतर द्या मले नंबर, मी लावते. एवढ्यासाठी पोरीची अन् ताईची मान खाली घालाले लावता का?"

"मी काई म्हटलं का?"

"म्हटलं नाई, पण पाठ करून उभे हा."

गुरुजी हसले. "लाव रे बाबा फोन. तीन मेचा मुहूर्त तर मला पहिल्यापासून जास्त पसंत होता. तुम्ही कोणी विचारलंच नाही."

हॉल मिळाला. सव्वीसला दुसरं कोणी टपूनच बसलं होतं, तेव्हा हॉलवाला उलट खूश झाला. मग वेदश्रीनं प्रभाकररावांना फोन लावला आणि मोबाइल स्पीकरवर टाकून मध्ये ठेवला. स्पीकरची गरजच नव्हती, त्यांचा आवाज शेजारच्या घरातही गेला असता.

"तीन मे? बेस! आमची हरकत नाई. बाई हायेत का तिथं? बाई, तुमच्या किती सिस्टर येतीन? अंदाज पाह्यजे."

"आता बारा जणी झाल्या, भाऊ," मीरा म्हणाली. "पण साऱ्या एकदम नाई येणार. पाळ्या असतात. अर्ध्या येतीन."

"अन् अर्ध्यांनी काय करावं? पुन्हा मोबाइलवर पाहाचं का?" पलीकडे प्रभाकरराव बहुतेक रत्नदीपशी बोलले, मग परत फोनवर आले. "असं करतो. पुलगावचं रिसेप्शन दोन दिवस ठेवतो. आज ज्या ड्युटीवर, त्या उद्या येतीन. मांडव काय, एक दिवस जास्त उभा राह्यला तं कोणाचं काय जाते? एकही सिस्टर जेवल्याबिगर राहाले नाई पाह्यजे. लिहून घ्या!"

फोन ठेवल्यावरही घर हसतच होतं. नलू गोरसपाक बिस्किटांचा डबा घेऊन आली. देवेंद्रनं बादली खाली ठेवली, हात पुसले आणि ताईच्या समोर येऊन बसला. त्याला काही बोलायचं होतं आणि बोलता येत नव्हतं. लहानपणी पाटी फोडून घरी यायचा तेव्हाही तो असाच बसायचा.

"ताई, मागच्या रविवारी मी जे बोललो..."

"काय बोलला? मले तं काई आठवत नाई."

"मी म्हटलं होतं की लग्नाले..."

"देवा, तो डबा इकडं दे."

त्यानं डबा दिला. तिनं एक तुकडा उचलला, अर्धा त्याच्या हातावर ठेवला. तो खाता खाता त्यानं विचारलं, अगदी हळू, "हळदीले किती वाजता येते?"

"लिस्ट पाहून सां..." मीरा बोलून गेली, आणि थांबली.

गुरुजी, नलू, वेदश्री, सगळे तिच्याकडे बघत होते. वेदश्रीनं तर कपाळाला हात लावला.

मीराला हसू आवरेना. गोरसपाकाचा भुगा साडीवर सांडला. "लग्नाच्या आधीच्या शुक्रवारीच येते," ती म्हणाली. "चार दिवस मुक्कामाले. अन् देवा, कूलरसमोरची जागा माही. बाकीच्या पाहुण्यांले आत्ताच सांगून ठेवजो."